परदेशी मित्रकीटक आणावेत का? माडावरची पांढरी माशी आणि रानमोडीच्या निमित्ताने

प्रश्न गुहागरकडच्या एका बागायतदारांचा आहे. थोडक्यात असा: "माडांवर चक्राकार पांढरी माशी आली, झावळ्या काळ्याठिक्कर पडल्या. वरच्या काजूत रानमोडीच्या तणाने पाय ठेवायला जागा ठेवली नाही. दोन्ही परदेशातून आलेल्या. मग त्यांच्या मूळ देशातले त्यांचे शत्रू आणून इथे का सोडत नाहीत? मला ते विकत कुठे मिळतील? आणि सोडले तर उद्या तेच माझ्या आंब्या-काजूवर बसणार नाहीत कशावरून?"

आधी उत्तरं देऊन टाकतो, मग कारणं. पांढऱ्या माशीचा परदेशी शत्रू बहुतेक तुमच्या बागेत आधीच येऊन बसलाय. त्याला आणायचं नाहीये, मारणं थांबवायचंय. रानमोडीसाठी परदेशी कीटक देशात आणून सोडून झालेत, पण त्यांच्या भरवशावर कोयता खाली ठेवू नका. आंबा-काजूची भीती रास्त आहे, फक्त ती कुठल्या प्राण्याची धरायची आणि कुठल्याची नाही हे समजून घ्यायला हवं.

माडापासून सुरुवात करू, कारण तिथे तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे.

ही माशी मूळची मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडची. आपल्याकडे ती २०१६ साली तमिळनाडूत पोल्लाचीच्या बाजूला पहिल्यांदा सापडली आणि रोपांबरोबर, गाड्यांबरोबर किनारपट्टीने वर सरकत कोकणात आली. मादी पातीच्या खालच्या अंगाला वेटोळ्यात अंडी घालते, वर मेणाची पांढरी भुकटी टाकते. पिल्लं रस शोषतात आणि चिकट गोड पाणी सोडतात. ते खालच्या झावळ्यांवर, माडाखालच्या केळी, मिरी, जायफळावर पडतं आणि त्यावर काजळी धरते. दिसायला भयंकर दिसतं. पण एवढ्याने माड मरत नाही. घाबरून केलेल्या फवारणीचं नुकसान कित्येकदा माशीच्या नुकसानीपेक्षा मोठं निघतं.

आता एक काम करा. घड्याळजी वापरतात तसलं दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. माडाची खालची, जून झावळी उतरवा, कोवळी नको. पात उलटी करून उन्हात धरा. मेणाच्या कापसाखाली चपट्या, लंबगोल टिकल्या दिसतील. ती माशीची पिल्लं आणि कोश. जिवंत टिकली फिकट पिवळसर असते. पण काही टिकल्या आतून काळ्या झालेल्या दिसतील. त्या सडलेल्या नाहीत. त्यांच्या आत एनकार्सिया ग्वाडेलूपी नावाची, टाचणीच्या डोक्याहून लहान गांधीलवर्गीय माशी वाढतेय. मग रिकामी टरफलं बघा. ज्या टरफलावर इंग्रजी 'टी'सारखी चीर पडलीय, तिथून पांढरी माशी बाहेर पडली. ज्याला स्वच्छ गोल भोक आहे, तिथून एनकार्सिया बाहेर पडली. पाच-सहा माडांवरच्या पाती अशा बघितल्यात, तर बागेत कोण जिंकतंय ते तुम्हाला कुणालाही न विचारता कळेल. टरफलांत गोल भोकांची आणि काळ्या टिकल्यांची संख्या निम्म्याच्या आसपास गेली असेल, तर माझा सल्ला एकच: पंप घरात ठेवा.

ही एनकार्सिया इथे आली कशी, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९३ साली केरळात दुसरीच एक सर्पिलाकार पांढरी माशी शिरली होती. तिने पेरू, टॅपिओका आणि इतर कितीतरी झाडांना सतावलं. तिच्यावर जगणाऱ्या एनकार्सियाच्या दोन जाती लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर सापडल्या. त्या कुणी मुद्दाम आणलेल्या नव्हत्या, किडीबरोबरच फुकटात आल्या असाव्यात. तिथून त्या मुख्य भूमीवर आणल्या गेल्या आणि रुजल्या. त्यामुळे २०१६ मध्ये माडाची माशी आली तेव्हा तिच्या चुलत बहिणीसाठी आलेला शत्रू इथे हजरच होता. ही माशीही त्याला चालली. अनेक बागांत निम्म्याहून जास्त पिल्लं या एकट्या एनकार्सियाने संपवल्याच्या नोंदी आहेत. परवाना नाही, विमान नाही, खर्च नाही. असं नशीब प्रत्येक किडीच्या बाबतीत मिळत नाही, मिळालंय तेव्हा ते फवाऱ्याने घालवू नये.

म्हणूनच कासरगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेने या माशीसाठी रासायनिक औषध टाळायला सांगितलं. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मारलंत तर माशी थोडी मरते आणि एनकार्सिया पार धुऊन निघते. महिन्याभरात माशी परत, या वेळी शत्रूशिवाय. काजळी नको असेल तर एक टक्का स्टार्चचं पाणी फवारा, वाळलं की पापुद्र्यासारखी काजळी सुटून पडते. लहान माडांना खालून जोराने साधं पाणी मारा. फारच जोर असेल तर अर्धा टक्का कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात, नाहीतर इसारिया ही बुरशी. पहिल्या दमदार पावसात माशी तशीही बरीच धुऊन जाते, तिचा खरा जोर कोरड्या महिन्यांत.

एक खबरदारी. स्वच्छतेच्या नावाखाली जून झावळ्या उतरवून लगेच जाळू नका. काळ्या टिकल्या सगळ्यात जास्त त्यांच्यावरच असतात. जिथे माशी नव्याने आलीय आणि काळी टिकली एकही दिसत नाही, तिथे अशा पातींचे तुकडे कापून माडाला बांधावेत. मात्र ज्या पातीवर काळ्या टिकल्या भरपूर आहेत तीच न्यायची, नाहीतर मित्राच्या नावाने शत्रूच पोचवाल. आणि जिथे माशी पोचलेलीच नाही, तिथे तर काहीच नेऊ नका.

आता मूळ मुद्दा. एखादी कीड आपल्या मूळ देशात असते तेव्हा ती कित्येकदा कुणाच्या खिजगणतीत नसते. तिला खाणारे, तिच्यात अंडी घालणारे, तिला रोग लावणारे सगळे शेजारी असतात. ती एकटी बोटीत बसून परदेशी आली की हा सगळा गोतावळा मागे राहतो आणि तिची चंगळ होते. परदेशी मित्रकीटक आणायचे म्हणजे मागे राहिलेल्यांपैकी एखादा नेमका ओळखून आणायचा.

पपईवरचा पिठ्या ढेकूण हे याचं आपल्या देशातलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. हा मूळचा मेक्सिकोकडचा. तिकडे तो इतका बिनमहत्त्वाचा, की त्याला शास्त्रीय नावसुद्धा १९९२ साली मिळालं. २००८ मध्ये तो कोइमतूरला सापडला आणि दोन वर्षांत तमिळनाडूत पपई, टॅपिओका आणि तुतीची त्याने वाट लावली. तुती गेली म्हणजे रेशीमवाले गेले. तो नंतर पुण्याकडे, आपल्याकडेही आला. औषधं मारून लोक थकले, कारण अंगावरच्या मेणामुळे थेंब आत शिरतच नाही. शेवटी बेंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीने जुलै २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून तीन जातींच्या बारीक गांधीलमाश्या आणल्या. त्यातली असेरोफेगस पपयी ही सगळ्यांत चांगली रुजली. पुढच्या काही महिन्यांत जिथे जिथे ती सोडली तिथे झाडं मोकळी व्हायला लागली. आज पपईवर हा ढेकूण दिसतो, पण झाड पांढरं करण्याइतका सहसा नाही. आणि कीटक आणण्यातलं खरं यश हे असंच दिसतं: कीड नाहीशी होत नाही, बातमीतून नाहीशी होते. ती पूर्ण संपली तर तिच्यावर जगणारा मित्रही संपेल. टॅपिओकाच्या दुसऱ्या पिठ्या ढेकणाच्या बाबतीत हाच कित्ता गिरवला गेला. तो २०२० मध्ये केरळात सापडला. त्याच्यासाठी आफ्रिकेतल्या बेनिनहून अनागायरस लोपेझी ही बारीक गांधीलमाशी आणून २०२२ मध्ये सोडली. याच माशीने १९८० च्या दशकात आफ्रिकेतली टॅपिओकाची शेती वाचवली होती आणि त्या कामासाठी हान्स हेरेन यांना १९९५ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं.

बागायतदार मला विचारतात, मग दर वेळी असं का करत नाहीत? कारण आणण्यापूर्वीचं काम मोठं आहे, आणि ते मोठंच असलं पाहिजे. आपल्याकडे २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांचा परवाना लागतो. माल आला तरी थेट शेतात जात नाही. तो बंद प्रयोगशाळेत उघडतात. तिथे पहिली गोष्ट बघतात ती ही, की पाहुण्याबरोबर त्याचा स्वतःचा शत्रू आलाय का. गांधीलमाशीच्या आत वाढणारी आणखी एक गांधीलमाशी असते. ती चुकून सुटली तर सगळ्या कामावर पाणी. म्हणून पिढी दर पिढी वाढवून, निवडून, स्वच्छ वाण तयार झालं की मगच पुढचं.

दुसरी गोष्ट म्हणजे खाण्याची परीक्षा. तणासाठी कीटक आणायचा असेल तर त्याच्यासमोर झाडांची यादी ठेवतात. त्या तणाच्या सख्ख्या नातलगांपासून सुरुवात, मग त्याच कुळातली पिकं, मग दूरची महत्त्वाची पिकं. नुसतं पान समोर ठेवत नाहीत. दुसरं काहीच न देता, उपाशी ठेवूनही बघतात, खातो का, अंडी घालतो का, त्या अंड्यांची अळी वाढून पुढची पिढी होते का. रानमोडी ही सूर्यफूल, शेवंती, झेंडू, कारळ्याच्या कुळातली. त्यामुळे तिच्या कीटकाला पहिली परीक्षा त्यांच्यावर द्यावी लागते. आंबा आणि काजू एकमेकांच्या कुळातले आहेत, रानमोडीपासून फार लांब. उद्या कुणी आंब्याच्या कुळातल्या तणासाठी कीटक आणायचं म्हणाला, तर तुमच्याआधी मीच ओरडेन, कारण तिथे काजू पहिल्या रांगेत येतो. एनकार्सिया किंवा असेरोफेगससारख्या माश्यांचा तर झाडाशी संबंधच येत नाही. त्यांची अळी किडीच्या पोटात वाढते, तिला पान खायचं तोंडच नाही.

मग लोकांच्या मनात भीती कुठून आली? ती आली जुन्या, बेफिकीर प्रयोगांतून, आणि त्यातल्या काहींत आपलाही माल होता. १७६२ साली मॉरिशसमध्ये टोळ खायला म्हणून भारतातून साळुंक्या नेल्या. एका देशातून दुसऱ्या देशात मुद्दाम शत्रू नेल्याची ही सर्वांत जुनी नोंद मानतात. ती बरी गेली, पण साळुंकी पुढे जगभर उपद्रवी पक्ष्यांच्या यादीत जाऊन बसली. १८७२ मध्ये जमैकातल्या उसाच्या मळ्यात उंदरांसाठी भारतातून नऊ मुंगसं नेऊन सोडली. मुंगसांनी उंदीर खाल्ले, पण जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, सरडे, कासवाची अंडी, सगळंच खाल्लं. तिथून १८८३ मध्ये ती हवाईला नेली, तिथेही तेच. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात उसाच्या भुंग्यासाठी आणलेला बेडूक भुंग्याला काही करू शकला नाही आणि स्वतःच देशभर पसरला. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरिआ बेटावर आफ्रिकन गोगलगायींना खायला १९७७ मध्ये एक शिकारी गोगलगाय सोडली, तिने तिथल्या मूळच्या लहान गोगलगायींच्या जाती दहाएक वर्षांत रानातून पुसून टाकल्या. आणि ती आफ्रिकन गोगलगाय आपल्याकडे कशी आली? १८४७ मध्ये एका हौशी इंग्रजाने मॉरिशसहून कोलकात्याच्या बागेत आणली. आज ती पावसाळ्यात तुमच्या पोफळीच्या रोपांवर चढते.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: सोडलेला प्राणी मिळेल ते खाणारा होता. म्हणून परदेशी मित्राबद्दल विचारायचा पहिला प्रश्न 'किती खातो' हा नाही, 'आणखी काय खातो' हा आहे. जेवणात चोखंदळ असेल त्यालाच पाटावर बसवावं. गप्पी आणि गॅम्बुशिया माशांच्या बाबतीतही मी हेच म्हणतो. गॅम्बुशिया १९२८ मध्ये डासांसाठी आणला. बंद हौदात ठीक आहे, पण पऱ्ह्यात, ओहोळात सोडू नका. तो डासांच्या अळ्यांवर थांबत नाही, आपल्या लहान माशांची पिल्लंही खातो.

चोखंदळ कीटकाबद्दलही शंका निघाल्या आहेत, आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गाजर गवतासाठी १९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा भुंगेरा आणला, १९८४ पासून बेंगळुरूत सोडला. पांढरट अंगावर तपकिरी वळणदार रेघा असलेला हा भुंगा तुम्ही घाटावर जाता-येता पाहिला असेल. १९९० नंतर कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला आणि एकच गदारोळ उठला. सोडणं थांबवलं, चौकशी समिती नेमली. तपासात असं दिसलं की गाजर गवताच्या दाट पट्ट्याशेजारच्या सूर्यफुलाच्या पानांवर त्या गवताचे परागकण पडतात आणि त्या वासाने भुंगा ते पान कुरतडतो. सूर्यफुलावर तो पिढी वाढवून बस्तान बसवत नाही. नंतर सोडणं पुन्हा सुरू झालं. माझं मत विचाराल तर समिती नेमली हेच योग्य झालं. घाणेरीचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९४१ मध्ये आणलेला टेलिओनेमिया हा ढेकूण परीक्षेत सागाची फुलंही खातो असं दिसलं, म्हणून डेहराडूनला तो नष्ट करायचं ठरलं. तरी तो निसटलाच आणि रानात पसरला. सागाला त्याचा जाणवेल असा त्रास झाला नाही. दुर्दैवाने घाणेरीलाही झाला नाही, ती अजून आपल्या रस्त्यांच्या कडेला तशीच फुललेली आहे. एकदा सुटलेला कीटक परत बाटलीत भरता येत नाही, म्हणून सगळी काटेकोरता आधीच.

आता रानमोडी. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, १९व्या शतकात कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तिथून निघाली. तिच्यासाठी पहिला कीटक १९७० च्या दशकात त्रिनिदादहून आणला: पॅरुकेटिस नावाच्या पतंगाची अळी, रात्री पानं खाणारी. ती रुजली नाही, आणि त्याचं एक कारण तुम्हाला पटेल असं आहे. मुंग्यांनी अंडी-अळ्या फस्त केल्या. कोकणातल्या रानात ओंबील चावल्याशिवाय माणूस झाडावर चढत नाही, तिथे उघड्यावर चरणाऱ्या मऊ अळीचं काय होणार? पुढे १९८४ मध्ये श्रीलंकेतून पुन्हा आणली. दक्षिणेत काही ठिकाणी ती टिकली, रानमोडी मात्र हटली नाही. २००० नंतर इंडोनेशियाहून सेसिडोकॅरिस ही गाठमाशी आणली. तिची अळी शेंड्याजवळ खोडात शिरते, तिथे गाठ धरते आणि झाडाची ताकद त्या गाठीत जाते. मुंग्यांपासून ती आत सुरक्षित असते, म्हणून निवड शहाणपणाची. इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी, तिमोरमध्ये तिने चांगलं काम केलं. तिकडे पाऊस वर्षभर विभागून असतो. आपल्याकडे चार महिने तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो आणि मग आठ महिने कातळ तापतो. उन्हाळ्यात रानमोडी वरून वाळते, जागोजागी वणवे लागतात, गाठी खोडासकट जळतात. मुळाचा गड्डा जगतो आणि जूनमध्ये फुटतो. माशीला मात्र पुन्हा शून्यापासून सुरुवात. हवामान जुळणं ही निम्मी लढाई असते, आणि कोकण या बाबतीत पाहुण्यांना फार कठीण यजमान आहे.

तेव्हा काजूत रानमोडी तुम्हालाच काढायची आहे. वेळ साधली तर श्रम अर्धे होतात. पाऊस ओसरता ओसरता, जमीन ओली असेपर्यंत, लहान रोपटी मुळासकट उपटा. मोठ्या गड्ड्यांना कुदळ घाला, नुसतं कापलंत तर दुप्पट फुटवा येतो. काही झालं तरी थंडीतल्या फुलोऱ्याआधी. एकदा तिची म्हातारी उडाली की ती शेजाऱ्याच्या वाडीत गेलीच. फुलापूर्वी कापलेली रानमोडी माडाच्या आळ्यात हिरवळीचं खत म्हणून उत्तम. जाळू नका. जळलेल्या उघड्या जमिनीवर सगळ्यात आधी तीच उगवते. काजूची सावली मिटली की तिचा जोर आपोआप कमी होतो, त्यामुळे विरळ बागेत मोकळ्या जागा भरणं हा कोयत्याइतकाच उपाय आहे.

पाण्यातल्या तणांचा अनुभव वेगळा आणि जास्त आशादायक. साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्याने केरळात कुट्टनाडची भातखाचरं आणि कालवे बुजवले होते. सुरुवातीला जगभर त्याची जातच चुकीची ओळखली गेली, त्यामुळे त्याच्यासाठी आणलेले कीटक चुकीच्या झाडाचे होते आणि उपयोग शून्य. खरी जात कुठली, तिचं घर आग्नेय ब्राझील, हे १९७० च्या दशकात स्पष्ट झालं. तिथून आणलेला सोंड्या भुंगेरा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळच्या मूनडारा तलावात सोडला, तर वर्ष-सव्वा वर्षात तलाव मोकळा. तोच ऑस्ट्रेलियातून आपल्याकडे आला आणि १९८३ पासून केरळात सोडला, काही वर्षांत खाचरं मोकळी झाली. माझ्याकडे फोन करून 'एक पांढरी कीड आलीय, काय मारू' असं विचारतात त्यांना मी म्हणूनच आधी नमुना दाखवा म्हणतो.

जलपर्णीसाठीही नियोचेटिनाच्या दोन जातींचे सोंड्या भुंगेरे त्याच सुमारास आणले. पानावर चौकोनी ओरखडे दिसले की समजायचं ते आहेत, अळ्या देठात बोगदे करतात. बेंगळुरूच्या तळ्यांत त्यांनी काम केलं. पण कल्याणच्या बाजूला उल्हास नदीत जलपर्णी दर वर्षी माजते त्याला फक्त भुंगेऱ्यांची कमतरता कारण नाही. सांडपाण्याचं खत मिळतंय तोवर ती खाल्ली जाते त्याहून वेगाने वाढते. पावसाळ्यात पूर तिला भुंगेऱ्यांसकट खाडीत नेतो, किंवा यंत्राने काढताना भुंगेरेही डंपरमध्ये जातात. बियांतून जलपर्णी परत उगवते, भुंगेरे परत येत नाहीत. साठलेल्या गावतळ्यात त्यांची शिफारस मी करेन, वाहत्या आणि घाण नदीत आधी घाण बंद करा असंच सांगेन.

पांगाऱ्याचाही विषय निघतो, कारण मिरीचे वेल चढवायला आणि कुंपणाला आपल्याकडे तो असतो. २००५ च्या सुमारास गाठी करणारी बारीक गांधीलमाशी दक्षिण भारतात आली आणि पांगाऱ्याची पानं-देठं वेडीवाकडी सुजली. हवाई बेटांनी या माशीसाठी टांझानियाहून शत्रू शोधून २००८ मध्ये सोडला आणि त्यांचा मूळचा पांगारा वाचला. आपल्याकडे मिरीसाठी पर्याय म्हणून गिरिपुष्प किंवा थेट माड-पोफळ वापरणं सोपं पडतं, म्हणून कुणी इतका खटाटोप केला नाही. पैसा आणि माणसं मर्यादित असली की असे हिशेब होतात.

राहिला विकत मिळण्याचा प्रश्न. परदेशातून आणून कायमचे रुजवायचे कीटक दुकानात मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. ते सरकारी संस्था सोडतात, एकदा रुजले की सगळ्यांचे. दुकानात किंवा केंद्रात मिळतात ते वाढवून पुन्हा पुन्हा सोडायचे कीटक आणि बुरश्या. माडाच्या काळ्या डोक्याच्या अळीसाठी गोनियोझस ही देशी माशी. तिच्यासाठी रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात चौकशी करा. गेंड्या भुंग्यासाठी शेणखताच्या खड्ड्यात मिसळायची मेटारायझियम ही हिरवी बुरशी. भुंगा आपलाच आहे, बाहेरून काही आणायचं नाही. (हा भुंगा १९०९ मध्ये सामोआत पोचला आणि त्याच्यावरचा विषाणू मलेशियात शोधून १९६७ मध्ये त्यांना तिकडे न्यावा लागला. त्यांच्या लेखी परदेशी उपद्रव आपण आहोत.) पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलेमस भुंगेरा मिळतो. तो १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियाहून कॉफीवरच्या खवले किडीसाठी आणला होता. त्या कामात नापास झाला आणि पिठ्या ढेकणावर पास. घेतलात तर एक लक्षात ठेवा: त्याची अळी हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते, अंगभर पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या. फरक एवढाच, की ती तुरुतुरु पळते आणि ढेकूण जागचा हलत नाही. पैसे देऊन सोडलेल्या अळ्यांवरच फवारा मारणारे मी पाहिलेत.

आणि कुणी आखातातून किंवा आणखी कुठून बाटलीत 'चांगला कीटक' आणतो म्हणाला, तर नको म्हणा. कायद्याने गुन्हा आहे हे एक, आणि त्या बाटलीत आणखी कोण आहे हे त्यालाही माहीत नसतं. परराज्यातून माडाची रोपं आणताना पातीची खालची बाजू गाडीतून उतरवण्याआधी बघा. ही माशी गावोगाव पोचली त्यात रोपवाटिकांच्या गाड्यांचा वाटा मोठा आहे.

तुमच्या माडाबद्दल शंका उरली तर जून झावळीच्या चार-पाच पाती कागदी पाकिटात घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो आणि माश्या बाहेर येण्याआधीच बुरशी येते. पाकिटावर गाव, तारीख, माडाचं वय आणि शेवटची फवारणी कधी व कशाची केली ते लिहा. यातली शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात, आणि तपासणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो.